छोट्या स्पोर्ट्स कारला चॅसिस ब्रेसिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्ट्रट बार, खालच्या आडव्या पट्ट्या, मागचा ब्रेस यांबद्दल तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे नव्या मंडळींसाठी आहेत, नंतरचे ज्यांच्या हातात आधीच पाना आहे त्यांच्यासाठी. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात उगाळलेलं नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चॅसिस ब्रेसिंग म्हणजे नेमकं काय? स्ट्रट बार म्हणजेच ब्रेस का?

स्ट्रट बार हा ब्रेसचा एक प्रकार, सगळ्यात दिसणारा. बॉनेट उघडलं की चमकतो, म्हणून तोच प्रसिद्ध. छोट्या गाड्यांना बहुधा वेगळी चॅसिस नसतेच. दाबून-वाकवून वेल्ड केलेल्या पत्र्यांची बॉडी हीच चॅसिस, म्हणजे मोनोकॉक. तिचे काही भाग जोर आला की एकमेकांपासून किंचित सरकतात. अशा दोन जागांमध्ये पाइप, पट्टी किंवा जाड पत्रा बोल्टने जोडून ते सरकणं कमी करायचं, याला ब्रेसिंग म्हणतात. पुढच्या दोन स्ट्रट टॉवरमधला (स्प्रिंग-शॉकचं वरचं टोक बॉडीला जिथे बसतं ते उंचवटे) बार, सबफ्रेमच्या (सस्पेन्शन ज्यावर बसतं ती खालची चौकट) दोन टोकांमधली पट्टी, टनेलच्या (केबिनच्या मधून लांबीने जाणारा उंचवटा) खालचा फुलीसारखा किंवा फुलपाखरासारखा ब्रेस, सीटच्या मागचा आडवा दांडा, ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी.

२. एका वाक्यात सांगा: हँडलिंग, म्हणजे गाडीचं वळणातलं वागणं, सुधारतं का?

उघड्या छपराच्या गाडीत योग्य जागी लावला तर हाताला आणि पाठीला कळेल इतकं सुधारतं, स्टॉपवॉचला कळेल इतकं क्वचित. बंद छपराच्या ताठ गाडीत साध्या रस्त्यावर बहुतेक वेळा दोघांनाही काही कळत नाही. का, ते पुढच्या तीन उत्तरांत.

३. पोलादाची गाडी पिळेल कशी? आणि छप्पर नसल्याने एवढं काय बिघडतं?

बुटांचा रिकामा खोका घ्या, झाकण काढा आणि दोन्ही टोकं हातात धरून कपडे पिळतात तसा पिळा. सहज वाकडा होतो. आता झाकण लावून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारा आणि पुन्हा पिळा. खोका तोच, पुठ्ठाही तोच, पण आता हात दुखतील.

कारण असं की पीळ सहन करायला बंद पोकळी लागते. बंद नळीचा पिळाविरुद्धचा ताठरपणा तिच्या पोटातल्या क्षेत्रफळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हीच नळी लांबीने चिरली की ती पोकळी राहत नाही, उरतो नुसता गुंडाळलेला पत्रा. १०० मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर जाडीची नळी घेऊन हिशोब मांडला तर बंद नळी चिरलेल्या नळीपेक्षा सुमारे ७,५०० पट ताठ निघते. चिरेला किती महत्त्व असतं ते यावरून समजावं.

कूपेची, म्हणजे बंद छपराच्या गाडीची, केबिन हा झाकण लावलेला खोका. छप्पर कापलं की झाकण गेलं. मग दारांखालचे दोन सिल (बॉडीच्या पोकळ कडा) आणि मधला टनेल एवढ्यावरच सगळा भार. म्हणून उघडी गाडी मुळापासून आखताना कंपन्या तिथेच माप वाढवतात. १९९६ च्या लोटस एलिसमध्ये चढताना पाय उंच उचलावा लागतो तो त्या जाड सिलमुळे. अॅल्युमिनियमच्या पट्ट्या गोंदाने चिकटवून केलेली तिची चॅसिस जेमतेम ६८ किलोची, आणि पिळाला तरी दाद देत नाही. १९९९ च्या होंडा एस२००० मध्ये उंच, रुंद टनेल हा बॉडीचा तिसरा कणा म्हणून वापरला आहे.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. गाडीच्या बॉडीचं उलट: पीळ येतो आणि क्षणात जातो, आणि सगळी अडचण त्या येण्याजाण्यातच आहे.

४. आकड्यांत सांगा. ब्रेस लावल्यावर बॉडी १० टक्के ताठ झाली, तर गाडी १० टक्के चांगली वळेल ना?

नाही. ही समजूत इतकी पक्की आहे की हिशोब मांडूनच मोडावी लागते.

एक पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की पुढचं सस्पेन्शन, बॉडी आणि मागचं सस्पेन्शन अशा तीन स्प्रिंगा एकामागे एक जोडल्यासारख्या पिळल्या जातात. एकामागे एक जोडलेल्या स्प्रिंगांत राज्य चालतं ते सगळ्यात मऊ असते तिचं. समजा पुढच्या सस्पेन्शनचा ताठरपणा दर अंशाला ६०० न्यूटन-मीटर, मागच्याचा ४०० आणि बॉडीचा ५,०००. तिघींचा एकत्र ताठरपणा निघतो सुमारे २२९. बॉडी दगडासारखी अचल असती तर तो २४० झाला असता, म्हणजे बॉडीच्या पिळामुळे आपण ५ टक्क्यांहूनही कमी गमावतो आहोत. आता ब्रेस लावून बॉडी ५,५०० केली. उत्तर २३०. एवढा खटाटोप, खाली अडकणारा एक पाइप, आणि मिळाला एक.

ट्रॅकसाठी तिप्पट कडक स्प्रिंगा घातल्या की चित्र बदलतं. पुढे १,८००, मागे १,२००. अचल बॉडीला उत्तर ७२०, पण ५,००० च्या बॉडीला ६२९. म्हणजे घातलेल्या कडकपणाचा आठवा हिस्सा बॉडीच खाऊन टाकते. ब्रेसने ६२९ चे ६३७ होतात. हेही थोडंच, पण आता दुखणं निदान खरं आहे.

५. पण मी ब्रेस लावला आणि फरक लगेच जाणवला. तो भास होता का?

असेलच असं नाही. वरचा हिशोब संथपणे येणाऱ्या जोराचा आहे. हाताला जे जाणवतं ते बहुधा थरथरणं असतं.

चाक, हब आणि ब्रेक मिळून टायरच्या हवेवर उड्या मारतात त्या सेकंदाला साधारण १० ते १५. उघड्या गाडीची बॉडी पिळून परत येण्याचा स्वतःचा ठेका त्याच्याच जवळ, सेकंदाला १५-२० च्या आसपास असू शकतो. दोन ठेके जवळ आले की झोका देणाऱ्याचा आणि झोक्याचा ताल जुळावा तसं होतं. डॅशबोर्ड एकीकडे, आरसा दुसरीकडे, स्टिअरिंग कॉलम तिसरीकडे. यालाच स्कटल शेक म्हणतात. बंद गाडीचा ठेका बराच वर असतो, म्हणून तिथे हा त्रास फारसा नाही.

ब्रेसने बॉडीचा ठेका थोडा वर सरकला तरी ताल मोडतो आणि थरथर बरीच कमी होते. स्टिअरिंग कॉलम हलायचा थांबला की वळवलेलं चाकापर्यंत ताबडतोब पोचल्यासारखं वाटतं. टायरची पकड तितकीच आहे, पण चालवणाऱ्याचा विश्वास वाढला, आणि खडबडीत वळणावर विश्वासाला किंमत आहे. ब्रेसिंगची खरी कमाई माझ्या मते हीच.

भासही असतो मात्र. पहिला स्ट्रट बार लावला त्या संध्याकाळी गाडी बदलली अशी मी शपथ घेतली असती. काही महिन्यांनी स्पार्क प्लग काढताना लक्षात आलं, एका बाजूचे दोन्ही बोल्ट मी फक्त बोटांनी फिरवून सोडले होते. खरं-खोटं कसं तपासायचं ते प्रश्न १३ मध्ये.

६. स्ट्रट बार लावायला सगळ्यात सोपा. सुरुवात त्याच्यापासून करू का?

आधी पुढचं सस्पेन्शन कोणतं ते पाहा.

मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा एकच उभा खांब) असेल, जसं टोयोटा जीटी८६ ला पुढे आहे, तर स्ट्रटचं वरचं टोक हाच चाकाचा वरचा आधार. वळणात टायरवर येणाऱ्या आडव्या जोराचा काही वाटा थेट टॉवरच्या माथ्यावर जातो. तिथे दोन माथे जोडण्यात अर्थ आहे. त्यातही बार मागे फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत) बांधून त्रिकोण झाला तर जास्त अर्थ, कारण नुसता सरळ बार दोन्ही टॉवर मिळून एकाच बाजूला झुकायला लागले तर त्यांच्याबरोबर आनंदाने झुकतो.

डबल विशबोन (चाकाला धरणारे वर-खाली दोन त्रिकोणी हात) असेल आणि दोन्ही विशबोन सबफ्रेमलाच बसवलेले असतील, जसे माझ्दा एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत, तर आडवा जोर सबफ्रेम घेते. टॉवरवर येतो तो शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा उभा जोर. अशा गाडीत पुढचा स्ट्रट बार हा बव्हंशी दागिना. तोच खर्च खाली सबफ्रेमच्या ब्रेसवर करावा.

७. मग खालचे ब्रेस कुठे लावावेत?

जिथे गाडी बनवणाऱ्यांनीच नंतर लावले तिथे. हा नियम मला कधी फसलेला नाही. कंपनी एकेक ग्रॅम आणि पैसा मोजते. चालू मॉडेलमध्ये ती एखादी पट्टी वाढवते तेव्हा त्या जागी खरोखर हालचाल सापडलेली असते.

एमएक्स-५ हे चांगलं उदाहरण. १९८९ मध्ये ती १.६ लिटरच्या इंजिनासह आली. १९९४ च्या मॉडेलला १.८ लिटरचं इंजिन मिळालं तेव्हा पुढे-मागे खालून जादा ब्रेस आले आणि सीटच्या मागे, सीटबेल्टच्या दोन टॉवरांमध्ये आडवा दांडा आला. म्हणून जुन्या १.६ वाल्याने सगळ्यात आधी बघावेत ते नंतरच्या मॉडेलचे जुने भाग. कारखान्याचे असल्याने भोकं जुळण्याची शक्यता जास्त, आणि जॅक लावायच्या जागाही सहसा मोकळ्या राहतात.

त्यानंतर क्रम लागतो तो टनेल आणि सिल यांना सांधणाऱ्या मोठ्या, पसरट ब्रेसचा. उघड्या गाडीत पिळाविरुद्ध काही करायचं तर तिथेच, कारण तिथे रुंदी मिळते. त्यांची वाईट बाजू: जमिनीपासूनची उंची कमी होते आणि एक्झॉस्ट काढायचा तर आधी बारा बोल्ट.

८. स्टील, अॅल्युमिनियम की कार्बन फायबर?

वाद घालायला छान विषय, पण बहुतेक ब्रेसमध्ये खरा दोष धातूत नसून टोकांत असतो. स्टीलचा २५ मिलिमीटर व्यासाचा, २ मिलिमीटर जाडीचा, १ मीटर लांब सरळ पाइप घ्या. १,००० न्यूटन जोराने तो ताणला जातो सुमारे ०.०३५ मिलिमीटर. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आता त्याचं टोक ज्या भोकात बसतं ते ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ९ मिलिमीटरचं असतं. बोल्ट पुरेसा आवळलेला नसेल तर पाइप काम करायला लागण्याआधीच अर्धा-एक मिलिमीटर सरकून जाईल. टोकाची पट्टी पातळ असेल तर ती वाकेल. टोकाला बिजागरीसारखा सांधा असेल तर तो आणखी ढिला.

म्हणून निवडताना तीन गोष्टी बघा. पाइप टोकापासून टोकापर्यंत सरळ हवा. इंजिनाला वळसा घालणारा बार ताणला की आधी सरळ व्हायला बघतो आणि तेवढ्यात त्याचं काम संपतं. टोकं वेल्ड केलेली आणि जाड हवीत. बोल्टची जागा बॉडीच्या दुहेरी पत्र्यावर किंवा कारखान्यातच बॉडीला वेल्ड केलेल्या नटवर हवी, नुसत्या पातळ पत्र्यावर नको. हे तिन्ही जमलं की धातू कोणताही चालतो. अॅल्युमिनियमचा ताठरपणा स्टीलच्या सुमारे एक तृतीयांश आणि वजनही तितकंच, त्यामुळे समान ताठरपणासाठी जाडी वाढवली की वजनात फारसं काही वाचत नाही.

९. बसवताना काय काळजी घ्यावी?

गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी असताना शेवटचं आवळा. एका कोपऱ्याला जॅक लावून बॉडी पिळलेल्या स्थितीत ब्रेस घट्ट केला तर तो पीळ बॉडीतच कोंडून राहतो. खाली शिरायचं असेल तर चारही चाकं रॅम्पवर घ्या. सगळे बोल्ट आधी सैल लावा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. एखादा बोल्ट भोकात जाईना म्हणून पहारीने ओढून बसवत असाल तर थांबा: एक तर ब्रेस चुकीचा आहे किंवा गाडी कधीतरी ठोकलेली आहे.

वॉशरच्या खालचा रंगाचा जाड थर खरवडून काढा. तो दाबाने हळूहळू बसतो आणि बोल्टची पकड सुटते. उघड्या पडलेल्या धातूला गंजरोधक लावा, टॉर्क रेंच वापरा आणि थोडं चालवून झाल्यावर पुन्हा तपासा.

१०. माझं बजेट मर्यादित आहे. आधी ब्रेस की टायर?

टायर. मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), मग सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबर), मग शॉक अॅब्सॉर्बर, आणि पैसे उरले तर ब्रेस. तडकलेले बुश काही मिलिमीटर हलत असताना बॉडीतलं एक मिलिमीटर वाचवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. टायरची हवा दोन-तीन पीएसआयने बदलून बघा. फुकटात मिळणारा तो फरक कित्येक स्ट्रट बारना लाजवेल.

एकच अपवाद: वरचं सगळं ठीक असूनही खराब रस्त्यावर उघड्या गाडीचा डॅशबोर्ड नाचत असेल तर ब्रेस पुढे आणा.

११. ब्रेस लावल्यावर गाडी उलट बिघडली असं होऊ शकतं का? माझी अंडरस्टिअर करायला लागली, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं त्यापेक्षा कमी वळते.

होऊ शकतं, फक्त बहुधा कारण दुसरं निघतं. ब्रेस लावताना स्ट्रटचे वरचे नट सैल केले असतील तर कँबर (चाकाचा आत-बाहेर कल) हललेला असतो. आधी अलाइनमेंट तपासा.

ते बरोबर निघालं तर पुढचं ऐका. वळणात बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन पुढे-मागे कसं वाटलं जाईल हे पुढच्या आणि मागच्या अँटी-रोल बार (वळणात गाडीला कलू न देणारा दांडा) व स्प्रिंगांच्या प्रमाणावर ठरतं, पण ते प्रमाण पूर्ण लागू पडतं ते बॉडी ताठ असेल तरच. बॉडी लवचीक असेल तर पुढचं टोक आणि मागचं टोक आपापला कारभार बघतात. समजा तुम्ही पुढे जाडजूड अँटी-रोल बार घातला होता, बॉडी त्याचा थोडा परिणाम गिळत होती, आणि ब्रेसने तिचं तोंड बंद केलं. म्हणजे बार आता खरं काम करायला लागला. उपाय ब्रेस काढणं नव्हे, पुढचा बार त्याच्या जोडणीच्या भोकांत एक भोक मऊकडे सरकवणं. कडक स्प्रिंगांच्या ट्रॅक गाडीतच हे जाणवतं. मूळ स्प्रिंगांवर नाही (प्रश्न ४).

१२. थरथर गेली, पण आता नवीनच आवाज येतो. आरसाही जास्त हलतो. हे काय?

ब्रेस थरथर मिटवत नाही, तिचा ठेका हलवतो. आधी इंजिनाशी न जुळणारा ठेका आता एखाद्या विशिष्ट आरपीएमला जुळत असेल. एखादा लांब, बारीक पाइप स्वतःच तंबोऱ्याच्या तारेसारखा वाजतो. पाइपला मधोमध हात लावून बघा, आवाज थांबला तर चोर सापडला. ताठरपणा वाढवण्याऐवजी हालचालीची ऊर्जा शोषणारे ब्रेसही असतात. यामाहाचा परफॉर्मन्स डॅम्पर त्यातला. दिसायला जाड बार, आत शॉक अॅब्सॉर्बर. रोजच्या गाडीसाठी कल्पना म्हणून मला ती जास्त शहाणपणाची वाटते.

१३. फरक पडला की नाही हे घरच्या घरी कसं तपासू?

पीळ मोजायचा तर: सपाट जागी गाडी उभी करा, दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. मग एक पुढचं चाक जाड फळीवर चढवा आणि पुन्हा मोजा. ब्रेस लावून हेच, त्याच फळीवर. फळीवर चढवल्यावर फटीत पडणारा फरक आधीइतकाच राहिला तर ब्रेसने चुकीच्या जागेचं दुखणं धरलं आहे. मघाचा १० टक्क्यांचा फरक (प्रश्न ४) या पद्धतीने कदाचित दिसणारही नाही, पण मग तो किती मोठा आहे तेही कळलंच.

हाताला जाणवणारं तपासायचं तर मित्र लागतो. त्याने तुमच्या नकळत ब्रेस लावायचा किंवा काढायचा, बॉनेट बंद करायचं. तुम्ही त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, टायरची हवा तेवढीच ठेवून गाडी चालवायची आणि लावला आहे की नाही ते सांगायचं. दहापैकी नऊ वेळा बरोबर आलं तर ब्रेस खरा. पाच-सहा आले तर नाणेफेकीनेही तेवढेच आले असते.

१४. सिलला गंज आहे. ब्रेस लावून निभावेल का?

नाही. सिल हीच ती बंद पोकळी (प्रश्न ३). तिला भोक पडलं की चिरलेली नळी झाली, आणि ब्रेसचे बोल्ट ज्या पत्र्याला धरणार तोच भुसभुशीत. आधी गंज कापून नवा पत्रा वेल्ड करा. जुन्या उघड्या गाड्यांत छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या कचऱ्याने तुंबतात आणि ते पाणी सिलमध्ये मुरतं. त्या साफ ठेवणं हे कुठल्याही ब्रेसपेक्षा मोठं ब्रेसिंग.

सिलमध्ये फोम भरावा का, हा यालाच लागून येणारा प्रश्न. ताठरपणा थोडा वाढतो, पण पाणी अडकतं आणि पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली तर तो पेटतो, विषारी धूर सोडतो. मी भरणार नाही.

१५. रोल बार लावला तर वेगळा ब्रेस कशाला? दोन्ही कामं होतील.

सीटमागचा चार बोल्टचा रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान) मागच्या भागाला थोडा ताठ करतो, पण पीळ पडतो तो दारांच्या उघड्या जागेत, आणि तिथे तो पोचत नाही. तिथपर्यंत पोचतो तो दारांपलीकडे पुढे जाणारा, वेल्ड केलेला पूर्ण केज, म्हणजे पाइपांचा पिंजरा. त्याने बॉडी खरोखर कितीतरी पटींनी ताठ होऊ शकते, बोल्टचे सगळे ब्रेस त्यापुढे किरकोळ. पण पुढच्या पाइपांपासून डोकं वीतभर अंतरावर येतं, आणि हेल्मेट नसताना छोट्या अपघातातही तो पाइप कपाळमोक्ष करतो. नुसत्या हँडलिंगसाठी रस्त्यावरच्या गाडीत केज घालू नका.

१६. ब्रेसमुळे अपघातात काही धोका वाढतो का?

बॉडीचा पुढचा भाग ठरलेल्या क्रमाने चुरगळावा अशी त्याची आखणी असते. चुरगळायच्या भागाच्या लांबीला समांतर जाणारा, पुढून मागे जोर नेणारा कोणताही पाइप त्या आखणीत ढवळाढवळ करतो, तो टाळा. आडव्या बारचा प्रश्न वेगळा: बॉनेट आणि इंजिन यांच्यामधली मोकळी जागा पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर दबण्यासाठी सोडलेली असते, आणि उंच स्ट्रट बार नेमका तिथे येतो. बॉनेटला आतून टेकणारा बार तर कुठल्याच कारणाने नको. एअरबॅगचे सेन्सर ज्या आडव्या पट्टीवर असतात तिथे भोक पाडू नका, आणि विमा कंपनीला बदल कळवून ठेवा.